ज्याँ गालिया आणि फ्रान्सची रग्बी लीग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्याँ गालिया कोण होता?

फ्रान्समध्ये तेरा जणांचं रग्बी, म्हणजेच रग्बी लीग, ज्याने उभं केलं तो हा फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या फळीतला खेळाडू. जन्म २० मार्च १९०५ चा, ईल-स्युर-तेत गावचा. पिरेनीज पर्वताच्या पायथ्याचा, स्पेनच्या सीमेलगतचा हा कातालान मुलूख. इथे रग्बी म्हणजे गावाच्या अब्रूचा प्रश्न. गालिया सेकंड रोला खेळायचा, म्हणजे स्क्रमच्या (दोन्ही संघांचे फॉरवर्ड एकमेकांना भिडून रेटतात त्या गुंत्याच्या) दुसऱ्या ओळीत, जिथे पुढच्यांना रेटायचं आणि समोरून येणारा सगळा धक्का अंगावर घ्यायचा. गडी दांडगा, पण पायाला वेग होता आणि हाताला पास द्यायची समज होती. बॉक्सिंगच्या रिंगणातही तो उतरला होता.

पंधरा जणांच्या रग्बीत, म्हणजे रग्बी युनियनमध्ये, तो १९२७ ते १९३१ या काळात फ्रान्सकडून २० सामने खेळला. त्या काळात आंतरराष्ट्रीय सामने वर्षाला चार-पाचच होत, हे लक्षात घेतलं की २० हा आकडा किती मोठा आहे ते कळतं.

रग्बी लीग म्हणजे नेमकं काय? ते रग्बी युनियनपेक्षा वेगळं कसं?

मुळात दोन्ही एकच. भांडण पैशावरून झालं. ऑगस्ट १८९५ मध्ये उत्तर इंग्लंडमधल्या हडर्सफील्ड शहरात जॉर्ज हॉटेलात काही क्लबांनी बैठक घेऊन वेगळी चूल मांडली. त्यांचे खेळाडू खाणीत आणि गिरणीत काम करणारे. शनिवारी सामना खेळायचा तर मजुरी बुडायची. ती बुडालेली मजुरी क्लबाने भरून द्यावी, एवढीच त्यांची मागणी होती. लंडनच्या साहेबी मंडळींना ती मान्य नव्हती. त्यांच्या मते सभ्य माणूस हौसेने खेळतो. हौसेने खेळायला घरी खायला असावं लागतं, हे त्यांना कोणी सांगायचं?

वेगळं झाल्यावर लीगवाल्यांनी नियमही बदलले. लाइनआउट (मैदानाबाहेर गेलेला बॉल दोन संघांच्या ओळींमध्ये परत फेकणं) काढून टाकला आणि १९०६ मध्ये खेळाडू पंधरावरून तेरावर आणले. सगळ्यात मोठा फरक टॅकलनंतरचा, म्हणजे बॉल घेऊन पळणाऱ्याला धरून थांबवल्यानंतरचा. युनियनमध्ये खेळाडू आडवा झाला की बॉलवर दोन्ही संघांची झुंबड उडते. लीगमध्ये पकडलेला खेळाडू उठतो, बॉल पायाशी जमिनीवर ठेवतो, टाचेने मागे सरकवतो आणि मागचा साथीदार तो उचलून लगेच पुढची चाल सुरू करतो. त्यामुळे खेळ सतत पळता राहतो. आज अशा सहा टॅकलनंतर बॉल समोरच्यांकडे जातो, पण गालियाच्या काळात ही मर्यादा नव्हती; बॉल सुटेपर्यंत किंवा लाथाडेपर्यंत तो तुमचाच.

तेरांपैकी सहा फॉरवर्ड : दोन प्रॉप, एक हुकर, दोन सेकंड रो आणि मागे एक लूज फॉरवर्ड. कबड्डी पाहणाऱ्या माणसाला या सहा जणांचं काम पटकन कळेल. धावत येणाऱ्याला कंबरेत धरून जागच्या जागी थांबवणं, आणि आपली पाळी आली की अंगावर तीन-तीन जण घेऊन दोन हात पुढे सरकणं.

युनियनमध्ये गालिया कोणत्या क्लबांकडून खेळला?

सुरुवात पेर्पिन्याँमध्ये. तिथून तो कियाँला गेला, आणि कियाँची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी.

कियाँ हे ओद नदीच्या खोऱ्यातलं दोन-तीन हजार वस्तीचं गाव. तिथे ज्याँ बुरेल नावाच्या उद्योजकाचा फेल्टच्या टोप्यांचा कारखाना होता. आपल्या टोप्यांचं नाव देशभर व्हावं म्हणून त्याने रग्बीचा संघ बांधायचं ठरवलं. प्रशिक्षक म्हणून जिल्बेर ब्रुत्युसला आणलं, पेर्पिन्याँहून एकेक करून चांगले खेळाडू उचलले, आणि त्यांच्या पोटापाण्याची सोय लावून दिली. कागदावर सगळे हौशी. प्रत्यक्षात काय चाललं होतं ते अख्ख्या फ्रान्सला ठाऊक होतं.

संघ मात्र जबरदस्त झाला. १९२८ ला फ्रेंच विजेतेपदाची फायनल, पो या क्लबाकडून हार. १९२९ ला पुन्हा फायनल. तुलूजच्या मैदानावर लेझिन्याँला ११–८ ने हरवून विजेतेपद. १९३० ला सलग तिसरी फायनल, तीत आजाँकडून पराभव. एवढ्याशा गावाने सलग तीन फायनल खेळाव्यात हे आजही अचंब्याचं आहे. गालिया या संघाचा कणा होता. त्यानंतर तो व्हिलनव्ह-स्युर-लॉट या क्लबाकडे गेला आणि तिथेच ठिणगी पडली.

त्याला युनियनमधून काढलं कशासाठी?

व्यावसायिकतेचा ठपका ठेवून. दुसऱ्या क्लबाच्या खेळाडूंना पैशाचं आमिष दाखवून व्हिलनव्हकडे ओढायचा प्रयत्न केला, असा आरोप होता. गालियाने तो मान्य केला नाही. तरी फ्रेंच रग्बी महासंघाने त्याच्यावर बंदी घातली आणि त्याची युनियनमधली कारकीर्द संपली.

पण पैसे तर सगळेच घेत होते ना? मग एकट्या गालियावरच कारवाई का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि तो रास्त आहे.

१९२० च्या दशकातलं फ्रेंच रग्बी आतून पोखरलेलं होतं. बड्या क्लबांमध्ये लपूनछपून पैसे, नोकऱ्या, दुकानं दिली जात. जिंकण्यासाठी मैदानावर मारामाऱ्या होत. १९२७ मध्ये कियाँचा हुकर गास्ताँ रिव्हिएर पेर्पिन्याँविरुद्धच्या सामन्यातल्या दुखापतीने गेला. १९३० मध्ये आजाँचा मिशेल प्रादिए हा कोवळा पोरगा सेमीफायनलमधल्या टॅकलनंतर दगावला. १९३१ मध्ये ब्रिटिश बेटांवरच्या चारही रग्बी संघटनांनी फ्रान्सशी संबंध तोडले : तुमच्याकडे हिंसा आहे आणि लपवलेली धंदेवाईक वृत्ती आहे, आधी घर साफ करा.

आता महासंघाला कोणाला तरी शिक्षा करून दाखवणं भाग होतं. शिक्षा झाली ती खेळाडूला. टोप्यांच्या कारखानदाराला नाही, गल्ला जमवणाऱ्या क्लबाच्या अध्यक्षांना नाही. माझं मत स्पष्ट आहे : गालियाने जे केलं असेल ते त्या काळी निम्म्या फ्रान्सने केलं होतं. त्याच्यात आणि इतरांत फरक एवढाच की बाहेर काढल्यावर तो माफी मागत बसला नाही. पैसे घेऊनच खेळायचं असेल तर उघड खेळू, करार करून खेळू, ही भूमिका त्याने घेतली. महासंघाला झोंबलं ते हे.

ऑगस्ट १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय रग्बी बोर्डाने युनियनमध्येही मानधन खुलं केलं. ती घोषणा झाली पॅरिसमध्ये. गालियाला ज्या कारणाने हाकललं ते कारणच त्या दिवशी उरलं नाही.

रग्बी लीगशी त्याची गाठ कशी पडली?

इंग्लंडच्या रग्बी फुटबॉल लीगला नवे देश हवे होते आणि फ्रान्स रिकामा पडला होता. ‘लेको दे स्पोर’ या क्रीडापत्राचा संपादक व्हिक्तोर ब्रेयेर आणि ऑस्ट्रेलियन संघटक हॅरी संडरलंड यांच्या पुढाकाराने ३१ डिसेंबर १९३३ रोजी पॅरिसच्या पर्शिंग स्टेडियमवर इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात प्रदर्शनी सामना ठेवला गेला. ऑस्ट्रेलियाने ६३–१३ असा धुव्वा उडवला. एकतर्फी सामना सहसा कंटाळवाणा होतो, पण स्क्रमच्या ढिगाऱ्यात अडकलेलं रग्बी पाहत आलेल्या पॅरिसकरांना त्या दिवशी दिसली ती मोकळी धाव आणि हातोहात फिरणारा बॉल.

त्याच सुमारास गालियाने शब्द दिला : मी फ्रेंच खेळाडूंचा संघ बांधतो आणि इंग्लंडला घेऊन येतो.

‘गालिया बॉइज’ म्हणतात ते हेच का?

हेच. फ्रान्समध्ये त्यांना ‘पायोनियर’ असंही म्हणतात. जेमतेम सतरा जण. ज्याँ दुओ, रोबेर सामाताँ, पुढे संघटनेत मोठा झालेला आंत्वान ब्लाँ, असे काही. यातल्या प्रत्येकाला माहीत होतं की लीगचा एक सामना खेळला की युनियनचं दार कायमचं बंद. परत येऊन क्लबात उभं राहायची सोय नाही. तरीही ते गेले.

मार्च १९३४. पहिला सामना विगनमध्ये. विगन म्हणजे लीगची पंढरी. कोळशाच्या खाणींचं गाव, प्रेक्षक जाणकार आणि तोंडाने फटकळ. समोरचे लोक जन्मापासून हा खेळ खेळलेले, आणि या फ्रेंचांना नियम शिकून काही आठवडे झालेले. पूर्ण दाणादाण उडेल असंच सगळ्यांना वाटत होतं. निकाल लागला ३०–२७. हरले, पण तीन गुणांनी.

या निकालाकडे जरा बारकाईने पाहा. तेव्हा ट्रायला, म्हणजे समोरच्यांच्या रेषेपलीकडे बॉल टेकवण्याला, तीन गुण मिळत. म्हणजे फ्रेंच संघ विगनच्या मैदानावर एका ट्रायच्या अंतरावर होता. फॉरवर्डच्या दृष्टीने हे आणखी अवघड. युनियनच्या फॉरवर्डला स्क्रम, लाइनआउट अशा ठरावीक ठिकाणी जोर लावायची सवय असते. लीगमध्ये टॅकल कर, लगेच उठ, मागे हट, पुन्हा ओळीत उभा राहा, पुन्हा टॅकल, हे चक्र ८० मिनिटं थांबत नाही. युनियनमधून आलेल्या भल्याभल्यांची छाती पहिल्या अर्ध्या तासात भरून येते. गालियासारखा पळणारा, बॉल हाताळणारा फॉरवर्ड या खेळाला जणू मापून घेतलेला होता.

दौऱ्यावर सहा सामने झाले. जिंकला एकच, हल या इंग्लिश क्लबाविरुद्ध, २६–२३. पण तो एक विजय पुरेसा ठरला. फ्रेंच माणूस हा खेळ खेळू शकतो, इंग्लंडच्या क्लबाला त्याच्या घरी हरवू शकतो, याचा पुरावा हाती आला होता.

दौऱ्यानंतर काय झालं?

सगळं झपाट्याने झालं. ६ एप्रिल १९३४ ला फ्रेंच रग्बी लीगची संघटना स्थापन झाली. १५ एप्रिलला पॅरिसच्या बुफालो स्टेडियमवर फ्रान्सचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना, इंग्लंडविरुद्ध. इंग्लंड ३२, फ्रान्स २१. गालिया अर्थातच मैदानात.

व्हिलनव्ह हा देशातला पहिला लीग क्लब. पाठोपाठ पेर्पिन्याँ, लियाँ, बोर्दो अशा शहरांतून संघ उभे राहिले. १९३४–३५ च्या पहिल्याच हंगामात विजेतेपद मिळवलं ते व्हिलनव्हने, आणि खेळाडू-प्रशिक्षक होता गालिया. त्याच हंगामापासून फ्रेंच कपही सुरू झाला. त्याची ट्रॉफी लॉर्ड डर्बी यांनी दिली म्हणून ती आजही लॉर्ड डर्बी कप म्हणून ओळखली जाते. पहिला कप लियाँ-व्हिल्युर्बानने पेर्पिन्याँच्या ‘तेरा कातालान’ संघाला हरवून नेला.

१९३७ मध्ये गालियाने तुलूजमध्ये नवा क्लब काढला : तुलूज ऑलिम्पिक. युनियनच्या बालेकिल्ल्यात, स्टाद तुलूझॅंच्या नाकासमोर.

म्हणजे लीगमधला खेळाडू म्हणून त्याची कारकीर्द लहानच म्हणायची?

हो. लीगमध्ये आला तेव्हा तो २८ वर्षांचा होता, आणि युनियनमधले हाणामारीचे हंगाम अंगावर होते. नुसते सामने आणि ट्राय मोजले तर त्याच्यापेक्षा मोठे आकडे असलेले फ्रेंच फॉरवर्ड पुढे पुष्कळ झाले. १९५१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यातले एली ब्रूस आणि एदुआर पाँसिने ही जोडी घ्या, त्यांच्या टॅकलची धास्ती सिडनीपर्यंत होती. पण गालिया एकाच वेळी खेळाडू, कप्तान, प्रशिक्षक, खेळाडूंची भरती करणारा आणि करार करणारा होता. त्याची कारकीर्द नुसत्या गुणफलकावरून मापता येत नाही.

खेळ फ्रान्समध्ये खरंच इतका वाढला होता का?

वाढला होता, आणि युनियनच्या पोटात गोळा यावा इतका. महासंघाच्या क्लबांची संख्या १९३० मध्ये ७८४ होती, ती १९३९ पर्यंत ५५८ वर आली. सगळी गळती लीगमुळेच झाली असं नाही, पण मोठा वाटा तिचा.

फेब्रुवारी १९३९ मध्ये फ्रान्सने सेंट हेलन्स या इंग्लिश शहरात इंग्लंडला १२–९ असं हरवलं. फ्रान्सच्या राष्ट्रीय रग्बी संघाचा, कोणत्याही प्रकारातला, इंग्लंडच्या भूमीवरचा हा पहिला विजय. युनियनच्या फ्रेंच संघाला ट्विकनहॅमवर, इंग्लंडच्या युनियन संघाच्या मैदानावर, जिंकायला १९५१ उजाडावं लागलं. त्याच मोसमात वेल्सलाही बोर्दोत हरवून फ्रान्स युरोपचा विजेता झाला. दौऱ्याला अवघी पाच वर्षं झाली होती!

रग्बी लीगवर बंदी आली होती हे खरं आहे का?

खरं आहे. हे वाचून अनेकांचा विश्वास बसत नाही म्हणून नीट सांगतो.

१९४० च्या उन्हाळ्यात जर्मनीने फ्रान्सचा पराभव केला आणि मार्शल पेताँचं विशी सरकार आलं. या सरकारला खेळातला पैसा म्हणजे देशाच्या अधःपतनाची खूण वाटत होती. युवक आणि क्रीडा खात्याचा मंत्री ज्याँ इबार्नेगारे हा स्वतः युनियनच्या आणि पेलोटा या बास्क चेंडूखेळाच्या वर्तुळातला. लीगचं आयुष्य आता संपलं, असं त्याने जाहीरच करून टाकलं. पुढे क्रीडा खात्याची सूत्रं टेनिसपटू ज्याँ बोरोत्राकडे आणि मग कर्नल पास्कोकडे गेली. हा पास्को युनियनचा माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू.

१९ डिसेंबर १९४१ च्या हुकुमाची भाषा कोरडी आहे. पॅरिसमध्ये २४, रू द्रुओ इथे कार्यालय असलेल्या फ्रेंच रग्बी लीग या संघटनेला मान्यता नाकारण्यात येत आहे. तिची मालमत्ता जशीच्या तशी राष्ट्रीय क्रीडा समितीकडे वर्ग करण्यात येत आहे. खाली पेताँची सही. दोन कलमांत एक अख्खा खेळ बेकायदा. क्लबांना मैदानं, साहित्य, शिल्लक पैसा, सगळ्यावर पाणी सोडावं लागलं. खेळाडूंपुढे पर्याय दोनच : निमूटपणे युनियनमध्ये परत जा, नाहीतर घरी बसा.

फुटबॉल आणि सायकलिंगमध्येही व्यावसायिक खेळाडू होते. त्यांना मुदती मिळाल्या, सवलती मिळाल्या. मुळासकट उखडला गेला तो हाच खेळ. म्हणून ही नुसती सरकारी नैतिकता नव्हती, प्रतिस्पर्ध्याचा काटा काढायची चालून आलेली संधी होती, असं फ्रान्समधले लीगवाले म्हणतात, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं.

युद्धानंतर न्याय मिळाला का?

अर्धामुर्धा. १९४४ नंतर खेळ पुन्हा सुरू झाला, पण गेलेली मालमत्ता परत आली नाही. वर ‘रग्बी’ हे नावसुद्धा वापरायला मनाई. आपल्याच खेळाला ‘तेरा जणांचा खेळ’ म्हणायची वेळ लीगवाल्यांवर आली, आणि ही अवस्था १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत टिकली.

तरी मैदानावर त्यांनी कमाल केली. १९५१ मध्ये पुइग-ओबेरच्या नेतृत्वाखाली फ्रान्सने ऑस्ट्रेलियात जाऊन कसोटी मालिका २–१ ने जिंकली. परत आल्यावर मार्सेयमध्ये त्यांच्या स्वागताला रस्ते माणसांनी फुलले होते. आणि रग्बीचा पहिला विश्वचषक, लीगचाच, १९५४ मध्ये फ्रान्समध्ये झाला, तो पॉल बारियेर या फ्रेंच अध्यक्षाच्या जिद्दीमुळे. युनियनचा विश्वचषक यायला अजून ३३ वर्षं होती.

गालियाने यातलं काहीच पाहिलं नाही. जानेवारी १९४९ मध्ये तुलूजमध्ये त्याचं निधन झालं. वय ४३.

आपल्याकडे मुंबई-पुण्यात खेळतात ते कोणतं रग्बी?

युनियन. बॉम्बे जिमखान्यावर वर्षानुवर्षं चालतं ते पंधरा जणांचं आणि सात जणांचं. तेव्हा तिथले सामने पाहून लीगचा अंदाज बांधू नका. टॅकलनंतर काय होतं याकडे लक्ष दिलंत तर पाच मिनिटांत फरक ध्यानात येईल.

गालियाच्या खुणा आज कुठे पाहायला मिळतील?

दोन ठिकाणी आवर्जून जा. एक पेर्पिन्याँ. तिथले कातालान ड्रॅगन्स २००६ पासून इंग्लंडच्या सुपर लीगमध्ये खेळतात. २५ ऑगस्ट २०१८ ला त्यांनी वेम्बलीवर वॉरिंग्टनला २०–१४ ने हरवून चॅलेंज कप जिंकला. इंग्लंडबाहेरच्या क्लबाने तो जिंकण्याची ती पहिलीच वेळ. तेव्हाचा कप्तान रेमी कास्ती हाही फॉरवर्डच, प्रॉप, शेजारच्या नार्बोनचा. त्यांचं मैदान आहे जिल्बेर ब्रुत्युस स्टेडियम. होय, कियाँला गालियाचा प्रशिक्षक असलेला तोच ब्रुत्युस. नाझींविरुद्धच्या भूमिगत लढ्यात होता आणि १९४४ मध्ये गेस्टापोच्या कैदेत मेला.

दुसरं तुलूज. विमान उद्योगातल्या नोकरीमुळे तिथे राहणारे आपले लोक आहेत, त्यांना तर हे घरच्या अंगणातच. गालियाने काढलेला तुलूज ऑलिम्पिक २०२२ मध्ये सुपर लीगपर्यंत पोहोचला. त्यांचे घरचे सामने एर्नेस्त वालाँ स्टेडियमवर होतात. हे स्टेडियम कोणाचं, तर युनियनच्या स्टाद तुलूझॅंचं. आता दोन्ही क्लब तिथे खेळतात. वेळापत्रक पाहून जा, कारण एकाच मैदानावर कधी पंधरा जण उतरतात, कधी तेरा.